मीटरपासून शेगडीपर्यंत : घरगुती गॅसजोडणीच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

औद्योगिक इतिहासावरील ग्रंथांतून गॅसचा वृत्तान्त बहुधा दोन टोकांकडून सांगितला जातो. एका टोकास कारखाना असतो : कोळशाच्या भट्ट्या, गॅसच्या टाक्या, भागभांडवल, संचालक मंडळे आणि पार्लमेंटचे कायदे. दुसऱ्या टोकास घर असते : दिवा, शेगडी, न्हाणीघरातील बंब आणि त्यांच्या योगाने पालटलेला गृहिणीचा दिनक्रम. या दोन टोकांना सांधणारा जो चार-सहा फुटांचा नळीचा तुकडा, त्याच्याकडे इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. तो तुकडा भिंतीलगत, शेगडीच्या पाठीमागे, डोळ्याआड असतो. आणि जे डोळ्याआड असते ते दप्तरातही सहसा सापडत नाही. तथापि घरगुती गॅसच्या दोन शतकांच्या इतिहासात खरा वाद या तुकड्यावरूनच झाला आहे. कारखान्याला मालक असतो, उपकरणाला मालक असतो. परंतु त्या दोहोंमधील सांधा कोणाचा? तो कोणी जोडावा, आणि तो सुटल्यास उत्तर कोणी द्यावे? प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः ब्रिटनच्या इतिहासाच्या आधारे तपासला आहे. या उद्योगाची घडण तेथे झाली आणि मुंबईस गॅसही तेथूनच आला, म्हणून हे क्षेत्र निवडले आहे.

प्रथम या व्यवसायाच्या साहित्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘प्लंबर’ हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे. प्लंबर म्हणजे मुळात शिशाचे काम करणारा कारागीर. पाण्याचे नळ शिशाचे, छपरावरील पत्रे शिशाचे, सांधेही वितळलेल्या शिशाचेच. गॅस आला तेव्हा या कारागिराजवळ सांधण्याची विद्या तयार होती, पण गॅसला योग्य अशी स्वस्त लोखंडी नळी उपलब्ध नव्हती. विल्यम मर्डोक याने १७९२ साली कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथे आपले घर कोळशाच्या गॅसने उजळले आणि १८१२ साली लंडनमध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’स सनद मिळाली. त्या पहिल्या दशकांत बंदुकांच्या नळ्या एकीस एक जोडून गॅस घरोघर नेण्यात येई. इंग्रज नळकारागीर लोखंडी गॅसनळीस आजही ‘बॅरल’ म्हणतात, त्याचे मूळ या बंदुकीत असल्याचे मानले जाते. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने लोखंडाची तापवलेली पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा सांधण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. स्टॅफर्डशायरमधील वेन्सबरी हे गाव त्यानंतर नळ्यांच्या धंद्याचे केंद्र बनले आणि बंदुकीच्या नळीची गरज उरली नाही.

नळी स्वस्त झाली तरी एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या तोटीस बसत नसे, कारण ज्याचे त्याचे आटे निराळे. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांच्या एकरूपतेची योजना मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश असावा व दर इंचास आटे किती असावेत हे व्यासानुसार ठरलेले असावे, असे त्याचे सांगणे होते. पुढे नळ्यांच्या आट्यांचे ब्रिटिश प्रमाण त्याच कोनावर बेतले गेले, आणि ब्रिटिश अमदानीबरोबर ते हिंदुस्थानात आले. आज मुंबईतील किंवा कोल्हापुरातील कारागीर ‘अर्धा इंची’ नळीवर आटे पाडतो, तेव्हा तो इंचास १४ आटे पाडत असतो. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. ही ‘अर्धा इंची’ नळी बाहेरून मोजली तर सुमारे एकवीस मिलिमीटर भरते, आतून मोजली तरी अर्ध्या इंचाहून मोठीच. अर्धा इंच तिच्यात कोठेच सापडत नाही. एकेकाळच्या जाड पत्र्याच्या नळीचा पोकळ व्यास तेवढा होता. पत्रा पातळ होत गेला. पण जुन्या सांध्यांशी जमवून घ्यायचे म्हणून बाहेरचा व्यास तसाच राहिला आणि नावही तेच राहिले. सांध्याची स्मरणशक्ती नळीपेक्षा अधिक दीर्घ असते, याचा हा छोटासा पुरावा होय. त्या आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा फासण्याची रीतही अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

साहित्याचे प्रमाण ठरले. जोडणाऱ्या माणसाचे मात्र ठरले नाही. या विसंगतीचा विचार करताना १८५९ चा गॅसविक्रीचा कायदा फार उद्बोधक ठरतो. या कायद्याने गॅसचे मीटर तपासून त्यावर शिक्का मारण्याची व्यवस्था केली. मीटर कंपनीच्या फायद्याचे शेकडा दोनाहून अधिक व गिऱ्हाइकाच्या फायद्याचे शेकडा तिनाहून अधिक चुकता कामा नये, इतक्या बारकाव्याने त्यात मर्यादा घातली गेली. गॅस किती विकला गेला याविषयी राज्यसंस्था इतकी दक्ष होती. तो गॅस मीटरमधून बाहेर पडल्यावर कोणाच्या हाताने जोडलेल्या नळीतून जातो, याविषयी मात्र ती मौन होती. मीटरपर्यंतची नळी आणि मीटर हे कंपनीचे. मीटरच्या पलीकडची नळी घरधन्याची, अशी सीमारेषा व्यवहारात रूढ झाली. मापाच्या दृष्टीने ही रेषा सोयीची असली तरी गॅसला ती ठाऊक नव्हती.

ही उणीव प्रारंभीच्या काळात फारशी जाणवली नाही, याचे कारण आर्थिक होते. १८८० च्या सुमारास विजेचा दिवा आला आणि गॅस कंपन्यांचे धाबे दणाणले. प्रकाशाचा धंदा जाणार असेल तर उष्णतेचा धंदा वाढवला पाहिजे हे त्यांनी ओळखले. गॅसची शेगडी तोवर कुतूहलाची वस्तू होती. नॉर्दॅम्प्टनच्या जेम्स शार्प याने १८२६ साली ती आपल्या घरी बसवली होती, १८५१ च्या महाप्रदर्शनातही शेगड्या मांडल्या गेल्या होत्या. परंतु सामान्य कुटुंबास ती विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून कंपन्यांनी शेगड्या भाड्याने देण्यास आरंभ केला. १८८७ साली ब्राउनहिल याने नाणे टाकून गॅस घेण्याच्या मीटरचे पेटंट घेतले, आणि १८९२ पासून दक्षिण लंडनमधील साउथ मेट्रोपॉलिटन कंपनीने जॉर्ज लिव्हसी याच्या नेतृत्वाखाली हे मीटर कामकरी वस्तीत नेले. मीटर कंपनीचा, नळ्या कंपनीच्या, शेगडी कंपनीची. घरच्या बाईने फक्त पेनी टाकायची. अर्थात जोडणाराही कंपनीचाच पगारी गॅस-फिटर होता. सांधा कोणाचा हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नव्हता. या योजनेने गरिबांच्या घरी गॅस नेला हे सर्वच इतिहासकार सांगतात. तिने सांध्यालाही मालक मिळवून दिला, ही गोष्ट माझ्या मते तितकीच महत्त्वाची आहे. कंपनीने हे परोपकारबुद्धीने केले नव्हते; परंतु स्वतःची मालमत्ता सुस्थितीत ठेवण्याच्या हेतूमुळे जे हित साधले ते पुढे ऐंशी वर्षे कायद्याला साधता आले नाही.

या व्यवस्थेच्या बाहेर राहिलेले उपकरण म्हणजे न्हाणीघरातील बंब. लंडनमधील बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ साली तत्काळ पाणी तापवणाऱ्या गॅसबंबाचे पेटंट घेतले आणि आइसलँडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यांवरून त्याला ‘गीझर’ असे नाव दिले. (इंग्रजांच्या घरगुती बोलीतून हा शब्द आता मागे पडला आहे, मराठीत मात्र तो विजेच्या बंबासही चिकटून बसला आहे.) मॉनच्या बंबाला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. जळालेल्या वायूचे काय करावयाचे हा विचारच त्यात नव्हता. लहानशा बंद न्हाणीघरात अपुऱ्या हवेत गॅस जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू तयार होतो. शिवाय कोळशाच्या गॅसमध्ये तो मुळातच मिसळलेला असे. गीझर हे उपकरण पाण्याच्या नळाला, गॅसच्या नळीला व धुराड्याला अशा तीन ठिकाणी जोडावे लागते. यांपैकी पहिली जोडणी चुकली तर पाणी गळते व ते दिसते; दुसरी चुकली तर वास येतो; तिसरी चुकली तर काहीच कळत नाही. नळकारागीर आणि गॅस-फिटर यांच्या व्यवसायांची हद्द याच उपकरणाने पुसट केली. आपल्याकडेही गॅस-गीझरमुळे होणारे मृत्यू बहुधा याच तिसऱ्या जोडणीच्या अभावी होतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

कारागिराची पात्रता ठरवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. लंडनच्या प्लंबरांच्या जुन्या श्रेणीसंस्थेने १८८६ साली पात्र कारागिरांची नोंदवही सुरू केली. दूषित पाणी व सदोष मोऱ्या यांतून रोग पसरतो हे त्या काळी पटू लागले होते, आणि चळवळीचा भर त्यामुळे आरोग्यावर होता. परंतु ही नोंदणी ऐच्छिक राहिली; ती सक्तीची करण्याचे प्रयत्न पार्लमेंटमध्ये यशस्वी झाले नाहीत. याच्याशी मुंबईची तुलना उद्बोधक आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरांची तरतूद आहे. राजधानीत जे जमले नाही ते वसाहतीतील नगरात कसे शक्य झाले? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर पाण्याच्या मालकीत आहे. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले तेव्हापासून ते पाणी, ते धरण आणि ती मुख्य नळवाहिनी सार्वजनिक होती. खाजगी घरातला वाईट सांधा हा थेट नगराच्या तिजोरीवरचा घाव होता. गॅसच्या बाबतीत मात्र गळती मीटरच्या पलीकडे झाली तर तिचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असत. कंपनीला तिची झळ लागत नसे.

१ मे १९४९ रोजी ब्रिटनमधील गॅसउद्योग राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि बारा प्रादेशिक मंडळे स्थापन झाली. ही घटना सांध्याच्या प्रश्नाचा शेवट ठरावयास हवी होती. प्रत्यक्षात उलट घडले. महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत भाड्याच्या शेगडीचा जमाना ओसरला. हप्त्याने का होईना, लोक स्वतःची शेगडी विकत घेऊ लागले, आणि घर बदलताना ती बरोबर नेऊ लागले. शेगडी हलवता यावी, तिच्यामागची जागा झाडता यावी, म्हणून ताठ लोखंडी नळीऐवजी लवचीक नळी आणि पितळी नट यांचा वापर वाढला. मंडळाच्या फिटरला बोलावण्याऐवजी शेजारचा हुशार माणूस किंवा एखादा मित्र हे काम करून देई. पान्हा सर्वांच्या घरी होता आणि कायद्याची आडकाठी नव्हती. सांधा पुन्हा पोरका झाला, आणि या वेळी तो दहा-वीस मजल्यांच्या इमारतींत गेला होता.

याचा परिणाम १६ मे १९६८ रोजी पहाटे दिसला. पूर्व लंडनमधील न्यूहॅम येथे ‘रोनन पॉइंट’ ही बावीस मजली इमारत नुकतीच राहावयास खुली झाली होती. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्या एकीवर एक रचून ती उभारली होती. अठराव्या मजल्यावरील एका गाळ्यात राहणारी स्त्री पावणेसहाच्या सुमारास उठली आणि चहासाठी शेगडी पेटवण्यास गेली. रात्रभर साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. ती स्त्री स्वतः त्यातून वाचली. परंतु कोपऱ्यातील भिंतीच्या फळ्या बाहेर फेकल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारावर असलेले वरचे मजले खाली आले. त्यांच्या भाराने खालचेही एकामागून एक कोसळले. इमारतीचा एक संपूर्ण कोपरा जमिनीपर्यंत गेला. चार माणसे मृत्युमुखी पडली आणि सतरा जखमी झाली. कोसळलेला भाग मुख्यतः बैठकीच्या खोल्यांचा होता व लोक अद्याप शयनगृहांत होते. म्हणूनच हा आकडा इतका लहान राहिला.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा अहवाल इमारतीच्या रचनेतील दोषासाठी परिचित आहे. एका ठिकाणचा आधार गेला तरी सबंध रचना ढासळू नये, हे तत्त्व इमारतींच्या नियमांत याच दुर्घटनेनंतर आले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या अहवालातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. गॅस सुटला तो शेगडीच्या लवचीक नळीस पुरवठ्याच्या नळीशी जोडणाऱ्या पितळी नटातून. तो नट प्रमाणाहून कमी प्रतीचा होता. त्याची कड जितकी जाड असावयास हवी तितकी नव्हती. जोडताना तो अधिक आवळला गेल्याने कमकुवत झाला असावा आणि पुढे तुटला. शेगडी जोडणारा मनुष्य हा त्या स्त्रीचा परिचित होता. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण मोडण्यासारखा नियमच अस्तित्वात नव्हता. व्हिटवर्थच्या प्रमाणांना सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावरही एक अप्रमाण नट राष्ट्राच्या मालकीच्या गॅसनळीस लावता येत होता. ज्या मीटरमधून गॅस आला त्यावर मात्र सरकारी शिक्का होता!

काही लोकांच्या मते खरा अपराधी नट नव्हे, इमारत होती. विटांच्या साध्या घरात त्याच स्फोटाने खिडक्या फुटल्या असत्या, फार तर एखादी भिंत पडली असती. हा आक्षेप रास्त आहे आणि चौकशीनेही इमारतीचा दोष झाकला नाही. १९८६ साली इमारत उतरवण्यात आली तेव्हा भिंतींच्या फळ्यांमधील सांध्यांत मसाल्याऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. म्हणजे दोष येथेही सांध्याचाच होता : फळ्या कारखान्यात नीट ओतल्या गेल्या होत्या, जोडणी जागेवर घाईने उरकली होती. वस्तू तयार करणाऱ्याची तपासणी काटेकोर आणि ती जोडणाऱ्याची सैल, ही रीत गॅसपुरती मर्यादित नव्हती असे यावरून दिसते.

दुर्घटनेनंतर १९७० साली गॅसजोडणी करणाऱ्यांची नोंदणीसंस्था स्थापन झाली. ‘कॉर्गी’ या तिच्या संक्षिप्त नावाने ती घरोघर परिचित झाली. १९७२ साली गॅससुरक्षेचे नियम झाले आणि जोडणी कशी असावी हे त्यांत सांगितले गेले. तरीही नोंदणी ऐच्छिकच होती. ती नसलेला मनुष्य पूर्वीप्रमाणे काम करीत राहू शकत होता. व्यवसाय म्हणून गॅसचे काम करणाऱ्यावर नोंदणीची सक्ती १९९१ साली आली. पुढे १ एप्रिल २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ने कॉर्गीची जागा घेतली. मीटरवर शिक्का मारण्यास १८५९ साल उजाडले होते. मीटरपलीकडील हातावर शिक्का मारण्यास त्यानंतर एकशे बत्तीस वर्षे लागली.

आता ज्या घटनेने ब्रिटनमधील प्रत्येक सांधा एकदा तरी तपासला गेला तिच्याकडे वळले पाहिजे. १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ मध्ये तो किनाऱ्यावर आला. या वायूत मुख्यत्वे मिथेन असतो. कोळशाच्या गॅसपेक्षा त्याची उष्णता आकारमानाच्या मानाने सुमारे दुप्पट असते; त्याला जळण्यास हवाही सुमारे दुप्पट लागते; आणि त्याची ज्योत हळू पसरते. कोळशाच्या गॅसमध्ये सुमारे निम्मा हायड्रोजन असल्याने त्याची ज्योत चपळ होती व बर्नरला चिकटून राही. जुन्या बर्नरमध्ये नवा वायू सोडला तर ज्योत छिद्रापासून उचलली जाऊन विझे, नाहीतर पिवळी होऊन काजळी धरी. कारखान्यात नव्या वायूवर प्रक्रिया करून तो जुन्यासारखा करणे शक्य होते, पण मग त्याची स्वस्ताई व दुप्पट उष्णता दोन्ही गेली असती. सबब देशातील प्रत्येक उपकरण बदलण्याचे ठरले. १९६६ साली कॅन्व्ही बेटावर प्रयोग झाला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे एक कोटी तीस लाख ग्राहकांच्या घरांतील सुमारे चार कोटी उपकरणांना नवे जेट व बर्नर बसवले गेले.

ही कार्यपद्धती विलक्षण होती. नगराचे लहान लहान विभाग पाडीत. आधी तपासनीस घरोघर जाऊन कोणते उपकरण, कोणत्या कारखान्याचे, कोणत्या सालचे, हे टिपून घेत. त्यानुसार सुट्या भागांचे संच मागवले जात. ठरलेल्या दिवशी त्या विभागाचा पुरवठा बंद होई, नळवाहिन्यांतील जुना गॅस रस्त्यावर उंच नळीतून जाळून टाकीत, आणि कारागिरांच्या तुकड्या रस्त्याच्या एका टोकापासून घराघरांत शिरत. सायंकाळपर्यंत निदान शेगडी पेटली पाहिजे असा दंडक असे. आजीच्या काळची शेगडी निघाली, तिचे भाग कोठेच मिळत नसले, तर ती बदलून द्यावी लागे. या भेटींत घराघरांतील घरगुती कसबाचे नमुने उघडकीस आले. सदोष धुराडी, नियमाबाहेरच्या जोडण्या, बंद केलेले हवेचे झरोके असे पुष्कळ काही सापडले. इतक्या घरांत इतक्या थोड्या काळात शिरून एकेक जोडणी पाहणारी मोहीम शांततेच्या काळात क्वचितच झाली असेल. तक्रारीही विपुल झाल्या. मोठ्या संख्येने माणसे घाईने शिकवून कामास लावली होती. आणि लोकांच्या मनातील शंकेमुळे प्राध्यापक मॉर्टन यांच्याकडे नैसर्गिक वायूच्या सुरक्षिततेची चौकशी सोपवावी लागली. तिचा अहवाल १९७० साली आला. नव्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मुळीच नव्हता, हा लाभ मात्र निर्विवाद होता. गळतीने विषबाधा होण्याचे भय त्यामुळे संपले, उरले ते अपुऱ्या ज्वलनाचे व स्फोटाचे.

या मोहिमेतील एक अडचण कोणाच्या फारशी ध्यानीमनी नव्हती. रस्त्याखालील बिडाच्या जुन्या नळांचे सांधे ताग ठासून आणि त्यावर शिसे ओतून केलेले होते. कोळशाचा गॅस दमट असे. त्याच्या ओलाव्याने ताग फुगून राही आणि सांधा घट्ट बसे. समुद्रातून आलेला वायू कोरडा निघाला. ताग सुकू लागला, आकसू लागला, आणि शंभर वर्षे मुकाट्याने टिकलेले सांधे गळू लागले. मग वायूत मुद्दाम ओलावा सोडण्याचे, तागास तैलयुक्त बाष्पाने भिजवण्याचे उपाय योजावे लागले. कोणत्याही आराखड्यात जो गुण लिहिलेला नव्हता त्याच्या जोरावर एवढी यंत्रणा उभी होती. असे गुण कागदांत सापडत नाहीत, ते नाहीसे झाल्यावरच कळतात. तंत्रज्ञानाच्या अभ्यासकास म्हणून अपघातांचे अहवाल यशाच्या वृत्तान्तांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

त्या दमटपणाची दुसरी बाजू मुंबईत दिसते. ‘बॉम्बे गॅस कंपनी’ १८६२ साली स्थापन झाली व १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागेतील तिच्या कारखान्यामुळे तो परिसर पिढ्यान्‌पिढ्या ‘गॅस कंपनी’ म्हणून ओळखला गेला. दिव्यांच्या पाठोपाठ गॅस काही घरांच्या स्वयंपाकघरांतही शिरला. या कंपनीच्या कामगारांनी १९५० च्या औद्योगिक निवाड्यानुसार पगारी साप्ताहिक सुटी मागितली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गजेंद्रगडकरांचा त्यावरील निकाल १९६४ च्या निवाडासंग्रहांत आढळतो. थकलेल्या रकमेची मागणी किती मागे नेता येते यासाठी विधिज्ञ तो उद्धृत करतात. आपल्या दृष्टीने त्यातील कामगारांचे हुद्दे पाहण्यासारखे आहेत : एक वर्ग सायफन उपसणाऱ्यांचा, दुसरा उष्णतेची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांचा व तपासणाऱ्यांचा. दमट गॅसमधील पाणी नळांच्या सखल जागी साचते, ते उपसून काढण्यासाठी माणसे नेमलेली होती. आणि घरातील शेगडीकडे पाहण्यासाठीही कंपनीचीच माणसे होती. दक्षिण लंडनमधील लिव्हसीच्या व्यवस्थेचे हे मुंबईतील रूप होय. सांध्याला मालक होता. मालक सुटीचा पगार मात्र राजीखुशीने देत नव्हता.

हा मालक बहुसंख्य मुंबईकरांच्या वाट्यास कधी आलाच नाही. त्यांचे स्वयंपाकघर घासलेटच्या स्टोव्हावरून थेट सिलिंडरवर आले. १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरमधील गॅस विकण्यास आरंभ केला, १९६५ पासून इंडेन आले. सिलिंडरने सांध्याचा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडवला असे म्हटले पाहिजे : त्याने तो गृहिणीच्या हाती दिला. ब्रिटनमध्ये शेगडी जोडण्याचा प्रसंग घर बदलताना येई. येथे सिलिंडर संपला की दर महिना-दीड महिन्याने जोडणी सोडावी व करावी लागते. रेग्युलेटर बसला की नाही हे पाहणे, वायसर जागेवर आहे ना याची खात्री करणे, साबणाच्या फेसाने गळती तपासणे, ही सारी फिटरची विद्या कोट्यवधी घरांत कोणत्याही नोंदवहीशिवाय रुजली. वितरकाचा मेकॅनिक तपासणीस येई व येतो, पण दोन तपासण्यांमधील जोडण्या घरच्या माणसांच्याच असतात. या विद्येचा इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही. पाकशास्त्राची पुस्तके, स्त्रियांची मासिके व गॅसबरोबर मिळणारी माहितीपत्रके ही त्याची साधने ठरतील.

१९९५ साली ‘महानगर गॅस’ची स्थापना झाली, आणि तिच्या प्रवर्तकांत ‘गेल’च्या जोडीला ब्रिटिश गॅस ही कंपनी होती. म्हणजे ज्या उद्योगाने चार कोटी उपकरणे बदलली त्याचीच वारसदार संस्था मुंबईत नळाचा गॅस आणण्यात भागीदार झाली. येथेही शेगड्यांचे जेट बदलावे लागले, परंतु दिशा उलटी होती. कोळशाच्या गॅसवरून नैसर्गिक वायूवर जाताना इंग्रज फिटरने छिद्र लहान केले होते. सिलिंडरच्या गॅसची उष्णता आकारमानाच्या मानाने नैसर्गिक वायूच्या अडीच-तीन पट असल्याने मुंबईच्या फिटरला छिद्र मोठे करावे लागते. मीटर आणि त्याच्यामागील नळी पुन्हा कंपनीची झाली, जोडणारा पुन्हा नेमलेला मनुष्य झाला. शेगडीपाशी जाणारी शेवटची रबरी नळी मात्र लवचीकच राहिली. तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि मुदत संपल्यावर ती बदलून घेण्यासाठी पाठपुरावा घरधन्यालाच करावा लागतो.